बसलेला पतंग

फुलपाखरू काढ म्हटलं की दुसरीतलं मूल मानसुद्धा वर न करता काढतं. मध्ये उभा लांबट देह, दोन मोठे पंख वर, दोन लहान खाली, डोक्यावर टोकाला गोळे असलेल्या दोन वेलांट्या. डाव्या पंखावर जेवढे ठिपके तेवढेच उजव्यावर. मग लाल, पिवळा, निळा, आणि चित्र संपलं. हे चित्र त्यानं कुठल्याही फुलपाखराकडे बघून काढलेलं नसतं. ते कुणाच्या तरी आधीच्या चित्रावरून आलेलं असतं, आणि ते चित्र त्याच्याही आधीच्या एखाद्या चित्रावरून. हात सफाईनं फिरतो, पण डोळ्यांना काही कामच पडत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. सहा-सात वर्षांच्या मुलाचे डोळे जेवढं टिपतात तेवढं पुढे आयुष्यात क्वचितच कुणी टिपतं.

म्हणून माझ्या वर्गात पावसाळ्याचे महिने आता पतंगांचे असतात. दिव्यावर येणारे, भिंतीला चिकटून बसणारे, सकाळी गॅलरीच्या कोपऱ्यात सापडणारे पतंग. बडोद्यात दांडिया बाजाराच्या आतल्या गल्लीत, एका जुन्या वाड्याच्या माडीवर हा वर्ग भरतो. निम्मी मुलं मराठी घरांतली, बाकीची गुजराती. बोलताना दोन्ही भाषांची बिनदिक्कत सरमिसळ चालते. मला कुणी ताई म्हणतं, कुणी बेन. पतंगाला गुजराती मुलं फुदुं म्हणतात आणि इंग्रजी शाळेत जाणारी मॉथ.

पतंगच का, असं पालक विचारतात. माझं कारण साधं आहे. पतंगाचं तयार चित्र कुणाच्याच हातात बसलेलं नसतं. जगात पतंगांच्या आजवर नोंदलेल्या जाती सुमारे १,६०,००० आहेत आणि फुलपाखरांच्या १८,००० च्या आसपास. तरीही वहीच्या मुखपृष्ठावर, वाढदिवसाच्या सजावटीत, मुलींच्या क्लिपांवर सगळीकडे फुलपाखरूच. पतंग त्यातून सुटला, हे मला मोठं भाग्य वाटतं. तो काढायचा तर बघावंच लागतं.

पहिल्या तासाला रंगाची पेटी उघडायची नाही, एवढा एकच नियम. पतंग बसला कसा आहे, इथून सुरुवात. पुस्तकांत पतंगांची जी चित्रं सापडतात त्यांतल्या पुष्कळ चित्रांत पंख सपाट पसरलेले असतात. पुढच्या पंखाची मागची कडा देहाशी काटकोनात आणि मागचे पंख पूर्ण उघडे. टाचणी टोचून, फळीवर ताणून वाळवलेल्या नमुन्याची ही बैठक. जात ओळखायला ती सोयीची, कारण त्यामुळे मागच्या पंखांवरच्या खुणा दिसतात. पण जिवंत पतंग असा क्वचितच बसतो. आमच्या कमाटीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. मुलं तिथे गेली की त्याच्याखालून हलत नाहीत. त्यावरून देवमासा केवढा असतो हे कळतं. तो पाण्यात वळतो कसा, हे कळत नाही. टाचणीवरच्या पतंगाचं मला तसंच वाटतं. अभ्यासकांना त्याची गरज आहे आणि ती मी मानते. मुलांच्या चित्रात मात्र मला बसलेला, श्वास घेणारा पतंग हवा असतो.

आणि बसण्याच्या तऱ्हा तरी किती! एक जण चारही पंख भिंतीवर असे चपट पसरतो की त्याच्या कडेची सावलीसुद्धा पडत नाही. दुसरा पंख पाठीवर मिटून दोन्ही बाजूंना उतरते ठेवतो, वरून पाहिलं तर त्याचा त्रिकोण दिसतो. हॉक मॉथ पंख मागे खेचून बसतो, जणू अजून वेगातच आहे. प्लूम मॉथ नावाचा एक चिमुकला पंख गुंडाळून आडवे धरतो आणि इंग्रजी टी अक्षरासारखा दिसतो. मुलं त्याला पहिल्यांदा गवताची काडीच समजतात. काही जण शेपटाकडचा भाग वर उचलून धरतात, बहुतेक काटकी वाटावी म्हणून. मूल पाच पतंगांची नुसती बाह्यरेषा काढतं आणि पाचही रेषा वेगळ्या येतात, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काही तरी घडतं. ते बघायला मी हा विषय कितीही वेळा घ्यायला तयार आहे.

एकदा एका मुलीनं पेन्सिल खाली ठेवली आणि तक्रार केली, "ताई, याला मिशाच नाहीयेत."

सगळे तिच्याभोवती जमले. भिंतीवर एक करडा पतंग बसला होता, अंगठ्याच्या नखाएवढा. खरंच मिशा दिसत नव्हत्या. मी म्हटलं, "मग नको काढूस." तिला ते पटेना. किडा म्हटला की मिशा हव्यात, हे तिच्या मनात पक्कं होतं. टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद लावून आम्ही थांबून राहिलो. लाल उजेडाचा पतंगांना फारसा त्रास होत नाही. बऱ्याच वेळानं पतंगाचे पंख थरथरायला लागले. उडण्याआधी छातीचे स्नायू तापवायला बरेच पतंग असे थरथरतात. आणि तेवढ्यात पंखांखाली दडवलेल्या दोन मिशा हळूच बाहेर आल्या. मधल्या दांडीला दोन्ही बाजूंनी बारीक केस, एकाआड एक. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गोळा असतो. बहुतेक पतंगांत तो नसतोच. नराच्या मिशा बऱ्याचदा अशा केसाळ असतात, कारण मादीचा गंध दुरून हेरायला त्याला मोठी जाळी लागते. त्या मुलीनं मग दोन चित्रं काढली. एक मिशा नसलेलं, एक मिशा असलेलं. दोन्हींखाली वेळ लिहिली. ही कल्पना तिचीच. आता सगळा वर्ग चित्राखाली वेळ लिहितो.

आमचे कागद पोस्टकार्डाएवढे असतात. ही सवय आम्ही नंदलाल बोस यांच्याकडून घेतली आहे. आमच्या कीर्तिमंदिरात त्यांची भित्तिचित्रं आहेत, १९३९ पासून पुढच्या काही वर्षांत रंगवलेली. एवढ्या प्रचंड भिंती रंगवणारा हा माणूस रोज छोट्या कार्डांवर रेखाटनं करायचा. दिसलं ते, दिसलं तेव्हा. मुलांना मी भिंती दाखवायला नेते आणि तिथेच कार्डांची गोष्ट सांगते. मोठा कागद समोर आला की मूल तो भरायच्या मागे लागतं, आकाश काढतं, सूर्य काढतं. छोट्या कार्डावर पतंग मावतो, बाकी काही घुसवायला जागाच उरत नाही.

मग येतो रंग. इथे मला जरा रेंगाळू द्या, कारण माझा जीव यात अडकलेला आहे.

"याला रंगच नाही," हे वाक्य दर वर्षी कुणी ना कुणी म्हणतंच. पतंग म्हणजे मातकट, मळका, असा सगळ्यांचा समज. मी पोस्टर कलरच्या पेटीतली तपकिरी आणि काळी बाटली काढून कपाटात ठेवते. हवी तर बनवा. नारिंगीत थोडा निळा घातला की एक तपकिरी येते. जांभळ्यात पिवळा घातला की दुसरी, जराशी वाळलेल्या पानाची. लालात हिरवा घातला की तिसरी, तांबूस. मोठ्या मुलांना मी बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी आणि अल्ट्रामरीन हा गडद निळा देते. या दोघांतून जी राखाडी निघते ती दोन थेंबांच्या फरकानं गरम होते किंवा थंड. आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, तिथे चित्रकलेसोबत कापड रंगवण्याची विद्याही शिकवत. रंग म्हणजे बाटलीतून येणारी वस्तू आहे, असं त्या काळी शिकणाऱ्याला वाटलंच नसेल. आमच्या मुलांच्या कार्डांच्या मागे तपकिरींचे ठिपके असतात आणि शेजारी त्यांनीच ठेवलेली नावं. चहातला बिस्किट. आजोबांची काठी. ओल्या कुंडीचा. बाबांचा बूट पावसाआधीचा, बाबांचा बूट पावसानंतरचा. अशी वीसेक नावं झाली की पुन्हा त्या भिंतीवरच्या पतंगाकडे बघायचं. आता त्याला रंग नाही असं कुणी म्हणत नाही. उलट भांडणं होतात, की ती किनार चहातल्या बिस्किटाची आहे की ओल्या कुंडीची.

हे रंग तिथे का आहेत, हे सांगायला मी मँचेस्टरची गोष्ट सांगते. तिकडे एक पांढुरका, काळे शिंतोडे असलेला पतंग दगडफुलानं माखलेल्या खोडांवर लपून बसायचा. १८४८ मध्ये मँचेस्टरजवळ त्याच जातीचा एक काळा पतंग सापडला. गिरण्यांच्या धुरानं खोडं काळवंडत गेली, दगडफूल मेलं, पांढरे पतंग पक्ष्यांना पटकन दिसू लागले आणि पन्नास वर्षांच्या आत त्या भागातले जवळजवळ सगळे पतंग काळे झाले. पुढे १९५६ मध्ये तिथे हवा स्वच्छ ठेवायचा कायदा आला, धूर कमी झाला, आणि पांढरे पुन्हा वाढले. मुलं ही गोष्ट फार शांतपणे ऐकतात. मग एकानं विचारलं, "म्हणजे झाडानं पतंगाला रंगवलं?" मी म्हटलं, पक्ष्यांनी रंगवलं, वेचून वेचून. त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

या गोष्टीनंतर आमचा कमाटीबागेतला खेळ असतो. प्रत्येकानं एक झाड निवडायचं, त्याच्या खोडासमोर बसून कागदाचा पतंग रंगवायचा, कापायचा, आणि चिकटपट्टीच्या तुकड्यानं, म्हणजे झाडाला इजा न करता, सालीवर अडकवायचा. मग बाकीच्यांनी शोधायचा. लाल-पिवळे पतंग लांबूनच दिसतात आणि त्यांचे मालक हिरमुसतात. वडाच्या खोडावर हे काम सर्वांत अवघड, कारण वडाची साल एका रंगाची नसतेच. पारंब्यांच्या सावलीत ती निळसर वाटते, उन्हाच्या बाजूला गुलाबी झाक येते. आमच्यातल्या एका अबोल मुलानं वडच निवडला. त्यानं पतंगाच्या पंखांवर सालीच्या भेगा आडव्या ओढल्या आणि पतंग फिरवून असा लावला की भेगा भेगांना जुळल्या. पतंगाची बाह्यरेषा त्या भेगांनी कापली गेली आणि पतंग समोर असून नाहीसा झाला. कुणालाही सापडला नाही. खरे पतंगही असंच करतात. पट्ट्या खोडाच्या रेषांशी जुळतील असे फिरून बसतात. हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं. तो आपला बसून बघत होता आणि त्याच्या हाताला ते सापडलं.

पंखांचा पोत हा आणखी एक प्रश्न. पतंगाच्या पंखावर खवले असतात, कौलांसारखे एकावर एक चढवलेले, आणि हात लागला की ते भुकटी होऊन बोटाला येतात. पाण्याच्या रंगात तो मऊपणा येत नाही. म्हणून खाकी किंवा काळ्या कागदावर कोरडे पेस्टल. पेस्टलही भुकटीच, बोटानं पसरते, फुंकर घातली की उडते. शिवाय गडद कागदाचा एक मोठा गुण आहे. पांढऱ्या कागदावर मूल सावली काढत जातं; काळ्या कागदावर त्याला उजेड काढावा लागतो. अंधार आधीच आहे, त्यात पतंगाची कुठली बाजू दिव्याला लागली आहे, तेवढीच काढायची. रात्र म्हणजे काळा रंग फासणं, ही सवय यानं जाते. काळा आपण काढतच नाही, तो कागद आपला असतोच.

भुकटीवरून घराघरांत भीती आहे. पाकोळीची भुकटी डोळ्यांत गेली की माणूस आंधळा होतो, असं माझ्या आजीनं मला सांगितलं होतं आणि माझ्या वर्गातल्या मुलांना त्यांच्या आज्यांनी. तसं काही होत नाही. पण हात लावू नये हे खरं, पतंगाच्या भल्यासाठी. खवले गेले की ते परत उगवत नाहीत. केसाळ सुरवंटाला मात्र मुळीच हात लावायचा नाही, त्याची खाज दिवसभर जात नाही. दुसरी भीती कपड्यांची. डांबराच्या गोळ्या पतंगांसाठीच ठेवतात ना, असं एक आई म्हणाल्या. लोकर खाणाऱ्या जाती अगदी मोजक्या, आणि त्यांतही लोकर खाते ती अळी. दिव्यावर येणारा पतंग पैठणीकडे ढुंकूनही बघत नाही. पैठणीचा धागा मात्र पतंगाच्याच जातभाईनं कातलेला असतो, आणि तो अखंड मिळावा म्हणून कोश आतल्या जिवासकट उष्णतेत घालतात. मुलांनी विचारलं तेव्हा हे मी लपवलं नाही. एका मुलीनं त्या दिवशी कोशाचं चित्र काढलं आणि आत झोपलेला पतंगही काढला, पारदर्शक.

आमच्या वाड्याच्या अंगणात तगर आहे. खालच्या मजल्यावरच्या काकू रोज तिची फुलं देवाला नेतात. एका श्रावणात तगरीची पानं भराभर संपू लागली आणि काकूंनी वरून मला हाक मारली, "अगं, माझी तगर कोण खातंय बघ, तुझ्याच पोरांपैकी कुणी तरी असणार!" मुलं धावली. पानाखाली बोटाएवढी जाड हिरवीगार अळी, मागच्या टोकाला आखूड पिवळसर शिंग, आणि डोक्यामागे दोन निळे डोळे. ते डोळे खोटे. अळीनं अंग आखडलं की ते फुगून वर येतात आणि समोरचा दचकतो. कण्हेर आणि तगरीवर वाढणाऱ्या या पतंगाला ओलिअँडर हॉक मॉथ म्हणतात. काकूंना ती काढून टाकायची होती. मुलांनी गयावया केली. शेवटी असं ठरलं की एक फांदी अळीची, बाकीचं झाड देवाचं.

अळी पुढे तपकिरी झाली आणि खाली उतरली, तेव्हा आम्ही तिला कोरड्या पाल्यानं भरलेल्या कुंडीत जाळीखाली ठेवलं. रोज येऊन कोशाचं एकेक कार्ड काढायचं. काही घडत नाही, तरी काढायचं. कंटाळा आलेल्यांना मी मारिया सिबिला मेरिअनबद्दल सांगितलं. ती १६४७ मध्ये फ्रँकफर्टला जन्मली आणि तेरा वर्षांची असताना रेशीमकिडे पाळून त्यांची चित्रं काढू लागली. किडे चिखलातून आपोआप जन्मतात, असं तेव्हा पुष्कळांना वाटायचं. तिनं एकाच कागदावर झाड, पान खाणारी अळी, कोश आणि पतंग असं सगळं काढलं. कोण कशातून येतं, कोण काय खातं, हे चित्रातच दिसायचं. पन्नाशी ओलांडल्यावर, १६९९ मध्ये, ती मुलीला घेऊन जहाजानं सुरीनामला गेली, तिकडचे किडे त्यांच्या झाडांवर बघायला. माझ्या वर्गातल्या मुलींना ही बाई फार जवळची वाटते. तिच्यामुळेच आता आमच्या प्रत्येक पतंगाच्या कार्डावर निदान एक पान तरी असतं.

एका संध्याकाळी वर्ग सुटता सुटता कोश फुटला. बाहेर आला तो ओला, पोट मोठं आणि पंख अगदी नखाएवढे, चुरगळलेले. एका मुलाला वाटलं तो अपंग आहे. "बेन, आने शुं थयुं?" तो अगदी रडवेला झाला. पतंग काटकीवर चढला, उलटा लटकला, आणि पंखांच्या शिरांत रक्त भरत गेलं तसतसे ते डोळ्यांदेखत उलगडू लागले. चुण्या एकेक करून गेल्या. पूर्ण पसरल्यावर थोडा वेळ त्यानं पंख फुलपाखरासारखे पाठीवर उभे जोडून धरले, आणि वाळले तेव्हा खाली आणून आपल्या नेहमीच्या बैठकीत ठेवले. न्यायला आलेले पालक जिन्यात उभे होते आणि कुणी घाई केली नाही. काकूसुद्धा निरांजन तसंच हातात घेऊन वर आल्या होत्या.

त्याचा हिरवा! पेटीतला कुठलाच हिरवा तिथे चालेना. शेवाळी, त्यावर फिकट गुलाबी पट्टा, मग पांढऱ्याची एक नागमोडी रेघ, मध्येच जांभळट डाग. मुलांनी हिरव्यात लाल घालून पाहिला, नारिंगी घालून पाहिला, एकीनं चक्क हळद आणली. ती कार्डं मी जपून ठेवली आहेत. त्यांतल्या एकाही कार्डावर तो हिरवा हुबेहूब नाही, आणि प्रत्येक कार्डावर त्याच्या दिशेनं गेलेले पाच-सहा प्रयत्न आहेत, ते मला त्या हिरव्याहून मोलाचे वाटतात.

रात्रीचं चित्र काढायला आम्ही गच्चीवर चादर बांधतो. दोरीवर पांढरी चादर, समोर दिवा, खाली चटया. दिव्याभोवतीचे पतंग काढ म्हटलं की सगळी मुलं पतंगाचं तोंड दिव्याकडे करतात. आपल्या कवितांत, गाण्यांत पतंग ज्योतीवर झेपच घेतो, त्यामुळे त्यांचं काही चुकत नाही. पण २०२४ च्या जानेवारीत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याभोवतीच्या किड्यांचं उडणं टिपलं, तेव्हा दिसलं की ते पाठ दिव्याकडे वळवतात. कोट्यवधी वर्षं रात्री सर्वांत उजळ बाजू आकाशाची होती. पाठ उजेडाकडे ठेवली की आपण सरळ उडतो आहोत, एवढं किड्याला पुरायचं. बल्ब आला आणि वर-खालीचा हिशोबच बिघडला. पाठ दिव्याकडे करून उडत राहिलं की वाट आपोआप गोल होते आणि पतंग तिथेच घुमत राहतो. दिवा खालून वर लावला तर किडा उलटा होऊन खाली पडतो.

हे सांगितल्यावर पुढच्या रात्री मुलं वेगळंच बघू लागली. "ताई, तो बघ, तिरका झाला!" "पाठ, पाठ, पाठ!" चित्रं पार बदलून गेली. आता दिव्याभोवती पतंगांचं एक कडं असतं, कुणी कुशीवर, कुणी उताणं, आणि सगळ्यांच्या पाठी आतल्या बाजूला उजळलेल्या. एका मुलानं दिवा कागदाच्या तळाशी काढला आणि वरचे सगळे पतंग उलटे. ते चित्र बघून मला पोटात तुटलं. तो म्हणाला, "यांना वाटतंय आकाश खाली आहे."

तेव्हापासून आम्ही दिवा तासाभरानं बंद करतो. रेशीम विणणाऱ्या कुळातल्या पुष्कळ मोठ्या पतंगांना तोंडाचे अवयव कामाचे नसतात. अळी असताना खाल्लेल्यावरच त्यांचं आठवड्याभराचं आयुष्य. त्यांतली एक रात्र आपल्या बल्बभोवती जाणं, हे मुलांना सहन होत नाही, आणि मलाही. गच्ची अंधारी झाल्यावर मुलं चटईवर पडून राहतात. शेजारच्या मधुमालतीवर हॉक मॉथ येतात. मधुमालतीची फुलं संध्याकाळी उमलतात तेव्हा पांढरी असतात, सकाळपर्यंत गुलाबी आणि नंतर लाल. पांढरी असतात ती या पाहुण्यांसाठी. फुलासमोर हवेत जागच्या जागी थांबून लांब सोंड आत घालणारा पतंग काढणं सर्वांत कठीण, कारण पंख दिसतच नाहीत. काही मुलं पंखांच्या जागी बोटानं पेस्टल नुसतं फिरवून धूसर करतात. मी त्यावर काही बोलत नाही.

पालकांना प्रदर्शनात कधी कधी हे सगळं फार मातकट वाटतं. एका बाबांनी स्पष्टच विचारलं, की एका किड्यावर इतका वेळ घालवून मुलीला पुढे काय मिळणार. त्या मुलीनंच त्यांना ओढत नेऊन आपलं कार्ड दाखवलं आणि विचारलं, "यात किती तपकिरी आहेत, सांगा." त्यांनी चार सांगितल्या. तिनं त्यांना उरलेल्या दाखवल्या, बोट ठेवून, नावासकट. ते गृहस्थ बराच वेळ त्या भिंतीपाशी होते.

सगळे पतंग काही काकूंच्या तगरीवर पोसलेले नसतात. सावली तालुक्यातून येणाऱ्या एका मुलाच्या आजोबांची शेती आहे. त्यानं चादरीवरचा पांढरा, कडेला लाल रेघ असलेला पतंग पाहिला आणि म्हणाला, हा तर कातरा. पहिल्या चांगल्या पावसानंतर हे पतंग जमिनीतल्या कोशांतून एकदम बाहेर पडतात आणि त्यांच्या केसाळ अळ्या कोवळं पीक फस्त करतात. आजोबा बांधावर दिवे लावून त्यांना गोळा करतात. वर्गात त्यावर वाद झाला, आणि व्हायलाच हवा होता. त्यानं त्या पतंगाचं जे चित्र काढलं ते मात्र कमालीच्या मायेनं. लाल रेघ त्यानं एकाच फटकाऱ्यात ओढली, न थांबता, न पुसता.

तुम्हाला मुलांसोबत हे करून बघायचं असेल तर पहिला पाऊस पडून गेल्यावरची अंधारी, वारा नसलेली रात्र निवडा. चादर जुनी, सुती आणि पांढरी. खाली दुसरी चादर अंथरा, कारण अर्धे पतंग खालीच बसतात आणि मुलांच्या पायांखाली येतात. पेन्सिल मऊ, कागद लहान, आणि खोडरबर घरी ठेवा. पतंग डबीत भरायचे नाहीत; जो बसलाय तो जिथे बसलाय तिथे काढायचा, उडाला तर दुसऱ्या कार्डावर दुसरा. उठताना चादर झटकू नका. दोन्ही बाजू नीट बघा, उरलेले पतंग कागदाच्या कडेवर घेऊन पानांच्या आड ठेवा, आणि चादर रातोरात काढा. सकाळपर्यंत ठेवली तर बुलबुल आणि दयाळ एकदाच शिकतात, आणि मग रोज उजाडायच्या आधी दोरीवर येऊन बसतात.